गेर्डाच्या हिरड्या

कोलोनच्या त्या घरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि आमच्या बरोबर खाली हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर राहायचे. ते निवृत्त ट्रामचालक होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यांच्या बैठकीत, जिथे इतरांच्या घरी टीव्ही असतो तिथे, एक लांबलचक काचेची पेटी होती. तिच्यात गेर्डा असायची. गेर्डा अजगराच्या कुळातली, पण लहान चणीची. माझ्या मनगटापेक्षा जराशी जाड, काळपट अंगावर मातकट सोनेरी डाग, आणि घाबरली की स्वतःचा चेंडू करून डोकं मधोमध लपवणारी. क्रेमरबाईंनी तिला पिल्लू असताना आणली होती. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, म्हणजे वयाने माझी ताईच.

आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नसे. आई ‘खालचं ते’ म्हणायची. आई एका दातांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट होती. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालायची, रक्ताला, पूला, कशाला म्हणून घाबरायची नाही, पण हेर क्रेमरांच्या दारावरून जाताना तिची पावलं आपोआप भिंतीकडे सरकायची. नागपंचमीला मात्र ती सुरी हातात घ्यायची नाही, तवा चढवायची नाही. पुरणाची दिंडं उकडायची, आणि पाटावर काढलेल्या नागाला हात जोडताना डोळे घट्ट मिटून घ्यायची. बाबा तिला चिडवायचे, “अगं, खाली खराखुरा आहे, जाऊन ये की.” बाबा ड्युसेलडॉर्फला एका मशिनरीच्या कंपनीत इंजिनिअर होते, सकाळी अंधारात जायचे आणि संध्याकाळी वरणभाताच्या वेळेला यायचे. मी घरात मराठी ऐकायचे आणि उत्तरं जर्मनमध्ये द्यायचे. आज हे मराठीत लिहिताना गंमत वाटते. आई असती तर म्हणाली असती, आता सुचतंय होय तुला.

हेर क्रेमरांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर पाच आठवडे रेहा, म्हणजे दोन तासांवरच्या एका क्लिनिकमध्ये राहून पुन्हा चालायला शिकायचं. त्यांनी मला जिन्यात गाठलं. “तू भारतातली. तुला साप माहीत असणार,” ते म्हणाले. शाळेत हे वाक्य मी इतक्यांदा इतक्या कुचकट सुरात ऐकलं होतं, की त्यांच्या तोंडून ते एखाद्या मानासारखं आलं तेव्हा मला ते परत करवेना. माझा जन्म कोलोनचा. साताऱ्याला आजोळी दोनदा गेले होते, तिथे पालीला बघून किंचाळले होते. पण मी म्हणाले, “हो, म्हणजे, आमच्याकडे असायचेच.” बाबांनी संध्याकाळी भुवया उंचावल्या. आई म्हणाली, “हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत. आणि ते वर आणायचं नाही.”

त्यांनी मला सगळं नीट दाखवलं. पाणी रोज बदलायचं. पेटीच्या एका टोकाला ऊब देणारा दिवा, त्याखाली तापमान एकतीस-बत्तीस, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास. दहा दिवसांनी फ्रीझरमधला एक उंदीर कोमट पाण्यात वितळवून चिमट्याने द्यायचा. आणि रोज दोन्ही तापमापक वाचून एका कागदावर आकडे लिहायचे. कागद त्यांनी पट्टीने रेघा मारून तयार केला होता. दर रविवारी चार वाजता, त्यांची कॉफी झाली की, त्यांच्या खोलीतल्या फोनवर मी फोन करायचा. आता एखाद्या पोरीने दिवसातून चार फोटो पाठवले असते आणि ही गोष्ट घडलीच नसती, असं मला कधीकधी वाटतं. किंवा तिने जुनेच फोटो पाठवले असते.

पहिले दहा दिवस मी आकडे खरे लिहिले. मग मला त्या घराची सवय झाली. तिथे कोणी हाक मारत नव्हतं. मी शाळेतून परस्पर तिथे जायचे, आईने डब्यात दिलेलं राय नावाच्या इथल्या धान्याच्या पिठाचं थालीपीठ खात सोफ्यावर लोळायचे, आणि एक दिवस माझा कॅसेट प्लेअर खाली नेला. पेटीमागच्या पट्टीवर जागा नव्हती म्हणून एक प्लग काढला आणि माझा लावला. पेटीतला एक दिवा जळतच होता, म्हणून माझं लक्षही गेलं नाही. तो उजेडाचा दिवा होता. उबेचा वेगळा होता, त्याचा प्रकाश दिसायचाच नाही. तापमापक मी पाहिले नाहीत. आदल्या दिवसाचेच आकडे, कधी अर्धा अंश इकडेतिकडे करून, लिहीत गेले. ऑक्टोबर सरत आला होता, आणि रिकाम्या घरात हेर क्रेमर हीटर अगदी बारीक ठेवून गेले होते.

आठ दिवसांनी उंदीर द्यायची वेळ आली. गेर्डाने तो बघितला आणि मान फिरवली. मी चिमटा तिच्या तोंडाजवळ नेला तर ती मागे सरकली आणि गोळा झाली. तेव्हा पहिल्यांदा मी काचेला हात लावला. काच गार होती. तापमापकावर एकोणीस होतं, दोन्हीकडे एकोणीस. प्लग हातात घेऊन मी किती वेळ त्या पट्टीसमोर बसले होते, मला सांगता येणार नाही. मग तो खोचला. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा एकतीसवर आला आणि मी स्वतःला सांगितलं, झालं, निस्तरलं.

पण ती नीट होत नव्हती. ती काचेला नाक घासत राहायची, एकाच कोपऱ्यात, वर-खाली. काचेवर चिकट, दोऱ्यासारखी लाळ दिसायला लागली. सापाच्या तोंडाला लाळ सुटत नाही, निदान अशी नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग तिचा उजवीकडचा ओठ मिटेनासा झाला. एक बारीक फट राहायची आणि फटीत गुलाबी काहीतरी. मी ओला टिश्यू पेपर घेऊन ते पुसलं. टिश्यूवर पिवळसर डाग आला आणि एक वास, जो मी हात धुऊनही माझ्या बोटांना येत राहिला.

मी वाचनालयात गेले. घरी पाळायच्या सापांवरचं एक पुस्तक होतं, त्यात एक पान होतं, आणि पानावर शब्द होता माउलफॉयले. सरळ अर्थ, तोंड कुजणं. हिरड्यांवर लाल ठिपके, चिकट लाळ, मग चीजसारखा घट्ट पू, दात सैल होणं, हाडापर्यंत जाणं, फुप्फुसात उतरणं. कारणं म्हणून जखम, घाण, ताण, आणि सगळ्यात वर, थंडी. खाली ठळक अक्षरांत होतं की घरगुती उपाय करत बसू नये, ताबडतोब डॉक्टर. मी पुस्तक घरी आणलं नाही. तिथेच मिटून कपाटात ठेवलं, चुकीच्या खणात, जणू ते कुणाला सापडलं नाही तर आजारही सापडणार नव्हता.

रविवार आला. चार वाजता मी फोन केला. हेर क्रेमर खुशीत होते, त्या दिवशी ते कुबड्यांवर गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले होते. “खाल्लं तिनं?” त्यांनी विचारलं.

“जा, गेनाऊ,” मी म्हणाले. हो, अगदी.

“आणि तापमान?”

मी कागदावरचे आकडे वाचून दाखवले, अर्धे अंशसुद्धा. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले की इथल्या लोकांना त्यांनी सांगितलंय, घरी माझी एक विश्वासू मुलगी आहे. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. शाळेत फळ्यावरचं दिसत नव्हतं. दर वेळी खालचं दार उघडताना मी आधी डोळे मिटायचे आणि मग एका डोळ्याने पेटीकडे बघायचे, ती हलतेय का म्हणून. बुधवारी ती डोकं वर उचलून, काचेला टेकवून बसली होती आणि श्वास घेताना तिच्या तोंडातून बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येत होता.

त्याच संध्याकाळी जेवताना मी आईला ताक वाढलं. तिने माझं मनगट धरलं. आधी मला वाटलं, सांडलं म्हणून. पण तिने माझी बाही नाकाशी नेली.

“हा वास कसला?”

“काही नाही.”

“रेवा, मी हा वास रोज आठ तास घेते. हिरडीत पू झाल्याशिवाय हा येत नाही. तोंड उघड बघू.” तिने तिथेच, पानावर, माझा जबडा धरून आत बघितलं. माझ्या हिरड्या ठणठणीत होत्या. तिने हात काढला, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या फरशीकडे बघितलं. मग उठली, पर्समधून कामावरचा छोटा टॉर्च आणि लाकडी चपट्या पट्ट्या काढल्या. “अहो, तुम्ही जेवून घ्या,” ती बाबांना म्हणाली. “आम्ही आलोच.” बाबा पान सोडून तिच्या मागून आले.

दारात ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती म्हणाली, “तू धर. मी त्याच्या अंगाला हात लावणार नाही. फक्त तोंडात बघेन.” मी गेर्डाला बाहेर घेतलं. ती हलकी लागली, नेहमीपेक्षा. मी तिचं डोकं दोन बोटांत धरलं, आईने पट्टी ओठाच्या कडेने आत सरकवली आणि टॉर्च मारला. आणि मी बघितलं की आईचा चेहरा बदलला. भीती गेली असं नाही म्हणणार. ती होतीच, तिचे पाय दाराकडे वळलेले होते. पण डोळे कामावर गेल्यासारखे झाले.

“ही हिरडी आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “हिरडी मला कळते. हे लाल ठिपके बघ. इथे सुजलीय. आणि हा पू, घट्ट, दह्याच्या कवडीसारखा. हा ओढून काढायचा नाही, खाली रक्त येईल. मी याला हात लावणार नाही, याला डॉक्टर लागेल. किती दिवस झाले?”

“आठ. दहा.”

“हेर क्रेमरना माहीत आहे?”

मी नकारार्थी मान हलवली. तिने टॉर्च विझवला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. सकाळी बाबांनी फोन करून करून एक डॉक्टरीणबाई शोधली, तासाभराच्या अंतरावर, जी साप बघायची. त्यांनी आणि आईने, दोघांनी कामाला सुट्टी सांगितली. आईने साताऱ्याहून आलेला एक सुती उशीचा अभ्रा दिला. त्यात गेर्डा, अभ्रा थर्मोकोलच्या खोक्यात, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. ऑटोबानवर बाबा पूर्ण वेळ उजव्या पट्ट्यातून, ट्रकच्या मागे, सावकाश चालवत होते. खोक्यावर हात ठेवून मी तिचा आवाज ऐकत होते, आणि आवाज थांबला की मला धडकी भरायची, आणि आला की आणखी.

डॉक्टरीणबाई उंच, केस पांढरे, बोलायला तुटक. त्यांनी गेर्डाचं तोंड उघडलं, आत बराच वेळ बघितलं, कापसाच्या काडीने नमुना घेतला, छातीवर नळी लावून ऐकलं. मग विचारलं, “पेटीत तापमान किती असतं?” माझ्याजवळ कागद होता. हेर क्रेमरांची सूचना होती की डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तो न्यायचा. मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले.

“हे तर उत्तम आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. “इतक्या नीट ठेवलेल्या जनावराला हे सहसा होत नाही. म्हणजे मूळ आत कुठेतरी असणार. म्हातारी आहे. विषाणू असेल, गाठ असेल. आल्झो, तर मला तिला भूल देऊन आतून बघावं लागेल. रक्तही काढावं लागेल. या अवस्थेत भूल तिला झेपेल की नाही, सांगता येत नाही.”

आईने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, मालकांना विचारावं लागेल. डॉक्टरीणबाई भूल द्यायची तयारी करायला वळल्याही.  मला कळत होतं की मी आता गप्प बसले तर माझ्या अर्ध्या अंशांवर विश्वास ठेवून ही बाई तिला भूल देणार आहे.

“आकडे खोटे आहेत,” मी म्हणाले. जर्मनमध्ये म्हणाले, आणि का कोण जाणे, पुन्हा मराठीत म्हणाले. “मी लिहिलेत ते. मी प्लग काढला होता. आठ दिवस ती एकोणीसवर होती.”

 बाबा भिंतीवरच्या कासवाच्या चित्राकडे बघत होते. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या मला बाहेर काढणार. त्यांनी कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि पेन माझ्या हातात दिलं. “पहिल्यापासून सांग. खरे दिवस लिही. हे मला बरं करता येण्यासारखं आहे.”

मग त्यांनी काम सुरू केलं आणि आम्हाला शिकवलं. डोकं खाली झुकवून धरायचं, कारण जिभेच्या मागे श्वासनळीचं छोटं तोंड असतं, त्यात औषध गेलं तर ती गुदमरेल. पातळ केलेल्या आयोडीनमध्ये भिजवलेल्या काडीने हिरडीवरून हलकेच फिरवायचं, जे आपोआप सुटेल तेवढंच काढायचं. दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, शरीराच्या पुढच्या भागात. पेटीत भुशाऐवजी साधा किचन पेपर, रोज बदलायचा. ऊब नेहमीपेक्षा जरा जास्त, तीही रात्री न उतरवता. खायला काही नाही. “औषध एक काम करतं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तिचं अंग करतं, आणि ते गार असलं तर काहीच करत नाही.” नमुन्याचा अहवाल येईपर्यंत त्यांनी एक औषध सुरू केलं, भरलेल्या सुया खोक्यात दिल्या. सुया कोण टोचणार? आईने आपला उजवा हात वर केला, शाळेत करतात तसा.

घरी आल्यावर मी फोन केला. रविवार नव्हता, चार वाजले नव्हते, म्हणून त्यांनी फोन उचलल्याबरोबर विचारलं, “मेली का?”

“नाही.” मग मी सगळं सांगितलं. प्लग, आकडे, रविवारचं खोटं. 

“कुठल्या बाजूला?” त्यांनी विचारलं.

“उजव्या. वर.”

 “मी येऊ शकत नाही,” ते म्हणाले. “मला अजून जिना चढता येत नाही. म्हणजे तुम्हालाच करावं लागेल. रोज सहा वाजता फोन कर. मला चांगली बातमी नको आहे, कळलं? जी असेल ती.” आणि त्यांनी फोन ठेवला. निरोपाचा शब्द न बोलता.

पुढचे दिवस सगळे एकसारखे आठवतात. आई कामावरून आली की चहासुद्धा न घेता खाली जायची, मी धरायचे, ती साफ करायची. सुयांचं खोकं आमच्या फ्रिजमध्ये होतं, चक्क्यासाठी टांगलेल्या क्वार्कच्या, म्हणजे इथल्या दह्यासारख्या चीजच्या, शेजारी, आणि आईने त्यावर तीन पिशव्या गुंडाळल्या होत्या. इंजेक्शन देताना ती ओठ मुडपायची. नंतर कोपरापर्यंत हात धुवायची आणि म्हणायची, “मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही हं. अर्धवट सोडलेलं तोंड मला बघवत नाही, एवढंच.” बाबा सकाळी निघण्याआधी आणि आल्यावर तापमापक वाचायचे. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून की मला सोबत म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

सहा वाजता मी फोनवर सांगायचे: आज लाळ तेवढीच. आज श्वासाचा आवाज जास्त. आज हिरडीतून रक्त आलं. ते “हं” म्हणायचे. पाचव्या दिवशी गेर्डा पाण्याच्या भांड्यात मान टाकून पडली होती आणि मी उचललं तर वेटोळंही घातलं नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी औषध बदललं, कारण नमुन्याचा अहवाल आला होता आणि जंतू पहिल्याला दाद देत नव्हते. सहा वाजता मला रडू आवरेना. “मला वाटतं ती जाणार,” मी म्हणाले. पलीकडून ते म्हणाले, “असेल. तरी उद्या साफ करा.”

आम्ही केलं. आठवडाभराने एक दिवस आईची काडी फिरत असताना पिवळा थर अख्खा सुटून आला, त्यात सुईच्या टोकाएवढा एक दात होता. खाली हिरडी दिसली, फिकट गुलाबी, स्वच्छ. आईने टॉर्च तसाच धरून ठेवला. “बघ,” ती म्हणाली, “ही भरतेय.” दोन दिवसांनी श्वासाचा आवाज गेला. आता कोणी मला विचारलं की सापाचं तोंड बिघडलं तर काय करावं, तर मी तोंडाबद्दल बोलायच्या आधी विचारते, तापमापक तुम्ही स्वतः वाचलाय का, आज?

हेर क्रेमर नोव्हेंबरअखेरीस परत आले. दोन मजले चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. त्यांनी सरळ पेटी उघडली, पण कुबडी सोडून त्यांना दोन्ही हात वापरता येईनात, तेव्हा म्हणाले, “धर.” मी धरलं. त्यांनी ओठ उचलून आत बघितलं, उजवीकडे, वर. मग खुर्चीत बसून राहिले. मी वाट बघत होते की ते इथले सगळे म्हणतात तसं ‘माख्ट निख्ट्स’ म्हणतील, काही हरकत नाही. ते म्हणाले नाहीत.

आणखी तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी खायला द्यायची परवानगी दिली. शनिवारची दुपार होती. हेर क्रेमरांनी आईलाही बोलावलं. आई दारातच उभी राहिली, चौकटीला धरून. मी चिमट्याने उंदीर पुढे केला. गेर्डाने जीभ बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा काढली. मग एकदम झेपावली, वेटोळी घातली, आणि खूप वेळाने तिने जबडा उघडला. उजवी बाजू, डावी बाजू, उजवी बाजू, असा तो सावकाश पुढे सरकत होता.

“तिला दुखत नसेल ना?” आईने मराठीतच विचारलं. मी ते हेर क्रेमरांना जर्मनमध्ये सांगितलं.

“दुखलं असतं तर सोडून दिलं असतं,” हेर क्रेमर म्हणाले. उंदराची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत आई हलली नाही. मग वर पोळ्यांची कणीक भिजवलेली आहे असं सांगून ती गेली.

आम्ही दोघंच राहिलो. ते माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत म्हणाले, “तू आधी जे केलंस ते फार वाईट होतं. नंतर जे केलंस ते चांगलं होतं. मी दोन्ही लक्षात ठेवणार आहे.”

“जा,” मी म्हणाले, हो.  मग मी उठले, आणि तिचं पाणी बदलायला गेले.